मशिनची चाल थांबली तेव्हा

मशिनची चाल येत नव्हती.

ग्रँडमास्टर केदार सरांनी पांढरा घोडा पुढे टाकून घड्याळाचं बटण दाबलं होतं. त्यांच्यासमोर मशिनवाल्या कंपनीची इंजिनिअर तन्वी बसली होती. मशिनला हात नसतात, म्हणून अशा सामन्यात मशिनच्या खुर्चीवर एक माणूस बसवतात. टॅबलेटवर येईल ती चाल त्याने पटावर करायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तोवर तन्वी फार झपझप सोंगट्या हलवत होती. आता तिचा हात टेबलाच्या कडेवर तसाच पडून होता आणि मशिनचं घड्याळ उलटं पळत होतं.

मी या सामन्याची पंच. माझी खुर्ची पटाच्या बाजूला. पंचाचं काम तसं कंटाळवाणं असतं. घड्याळ बघायचं, नियम मोडला तर बोलायचं, शेवटी स्कोअरशीटवर निकाल लिहून सही करायची. इतक्या वर्षांत मला स्टेजवर कधी भीती वाटली नव्हती.

निखिल स्टेजच्या कडेने वाकून माझ्याजवळ आला. तो कंपनीचा बिझनेस हेड.

"मॅडम, जरा घड्याळ थांबवा. टेक्निकल इश्यू आहे."

"मशिन अडकलं तर घड्याळ चालूच राहील, असं ठरलंय. तुमच्याच सहीने."

"तो फॉर्मॅलिटीचा भाग होता. आपण टी ब्रेक जाहीर करू. लोक बाहेर गेले की आम्ही सेट करतो."

समोर हॉल भरलेला होता. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलचा मोठा हॉल. बसलेल्यांपैकी बुद्धिबळ येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे पिंपळगाव, निफाड, सायखेडा, दिंडोरीकडचे द्राक्षवाले. कुणाचं पॅकहाउस, कुणाचं कोल्ड स्टोअर. ते का आले होते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ही कंपनी अंबडच्या एमआयडीसीतली. ती कोल्ड स्टोअर चालवणारा एक बॉक्स बनवते. कोल्ड स्टोअरमध्ये अमोनिया वायूवर चालणारा प्लांट असतो आणि त्यावर चोवीस तास कुणीतरी ऑपरेटर लागतो. कंपनीचं म्हणणं असं, की ऑपरेटरची गरजच नाही, आमचा बॉक्स विचार करतो. डिसेंबरात निखिलने मला ऑफिसात बोलावून प्रदर्शनी सामन्याची कल्पना सांगितली. ग्रँडमास्टर विरुद्ध बॉक्स.

मी म्हटलं, "अहो, मोबाईलवरचा फुकटचा प्रोग्राम आज कुठल्याही ग्रँडमास्टरला हरवतो. यात बघण्यासारखं काय आहे?"

तो हसला. "मॅडम, हे तुम्हाला माहीत आहे. द्राक्षवाल्यांना माहीत आहे का?"

"बुद्धिबळाचा प्रोग्राम तुम्ही केलाय?"

"नाही, तो डाउनलोड केलाय. फक्त आमच्या बॉक्समध्ये चालवायचा. मी बॉक्स विकायला गेलो की शेठ लोक शंभर प्रश्न विचारतात. लाइट गेली तर? उंदराने वायर कुरतडली तर? पण ग्रँडमास्टरला हरवणारा मेंदू म्हटलं, की प्रश्न विचारायला माणूस लाजतो."

माणूस सरळ बोलत होता, एवढं मात्र मी मान्य करीन. आणि यात नवीन काही नव्हतं. बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला पहिल्यांदा सामन्यात हरवणारं मशिन एका बड्या कॉम्प्युटर कंपनीचं होतं. हरलेला जगज्जेता म्हणाला, पुन्हा खेळू. कंपनीने मशिन बंद करून टाकलं. तिला बुद्धिबळ खेळायचं नव्हतंच, कॉम्प्युटर विकायचे होते आणि जगभर फोटो छापून आले होते. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. प्रदर्शनी सामना नियमात बसतो, म्हणून मी हो म्हटलं. अट एकच घातली, की नियम लेखी असतील आणि मी त्याप्रमाणेच वागेन.

केदार सर मूळचे नांदगावचे. ग्रँडमास्टर झाल्यावर बरीच वर्षं पुण्यात होते, आता कॉलेज रोडला क्लास चालवतात. सामन्याआधी ते मला म्हणाले होते, "हरणार हे तर ठरलेलंच आहे. क्लासचं नाव होईल म्हणून बसतोय. पण पोरं बघायला येणार. चार चालींत चिरडला गेलो तर उद्या त्यांना काय शिकवू?" सामना सुरू झाला तेव्हा त्यांच्या बोटांना इतका घाम होता, की उंट हातातून निसटला होता.

निखिलने शोमध्ये आणखी एक गोष्ट घातली होती. स्टेजमागे मोठा स्क्रीन. अर्ध्या भागात बुद्धिबळाचा पट. उरलेल्या अर्ध्या भागात पिंपळगाव बसवंतच्या भास्करअण्णांचं कोल्ड स्टोअर. तिथल्या प्रत्येक खोलीचं तापमान, प्लांटमधला दाब, सगळे आकडे. सुरुवातीलाच त्याने माइकवर सांगितलं होतं, "मंडळी, एकच मेंदू इथे ग्रँडमास्टरशी लढतोय आणि त्याच वेळी तिकडे अण्णांचं स्टोअर सांभाळतोय. आज तिथे प्लांटवर एकही माणूस नाही!" टाळ्या पडल्या होत्या. प्लांटचा ऑपरेटर बाळासाहेब पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी नवा शर्ट घालून बसला होता. सामना संपल्यावर त्याचा सत्कार होता. शाल, श्रीफळ आणि 'कामातून मुक्ती'. बिचाऱ्याला टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते समजत नव्हतं.

आणि भाव खाण्यासाठी कंपनीने मशिनसाठी वेळ फार कमी घेतला होता. सरांना भरपूर, मशिनला चिमूटभर. म्हणून आता घाई होती.

"थांबवा ना मॅडम," केदार सर हळूच म्हणाले. "मशिन हँग झालं म्हणून मी जिंकलो, असं नको. पोरं हसतील."

आता दोन्ही बाजू थांबवा म्हणत होत्या. पंचाला घड्याळ थांबवण्याचा अधिकार असतो. माझा हात घड्याळापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात केदार सरांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. प्रतिस्पर्धी विचार करत असताना खेळाडू इकडेतिकडे बघत बसतो, तसे ते मघापासून स्क्रीनकडे बघत असणार.

"मॅडम, ते आकडे बघा."

"कोणते?"

"स्टोअरचे. मघाशी सारखे हलत होते. दशांश चिन्हापुढचे तर एकदाही स्थिर नव्हते. मी घोडा खेळलो तेव्हापासून सगळेच्या सगळे तसेच आहेत."

मी वळून पाहिलं. आकडे ठळक हिरवे होते. सगळं ठीक असल्याचा हिरवा रंग. मी एक श्वास थांबले, दोन श्वास थांबले. एकही आकडा हलला नाही.

मी तन्वीकडे वाकले. "फक्त बुद्धिबळ अडकलंय, की सगळा बॉक्स?"

तिने निखिलकडे पाहिलं.

"तन्वी, मी पंच म्हणून विचारतेय."

"सगळा," ती पुटपुटली. "बुद्धिबळाचा प्रोग्राम सगळी मेमरी खातोय. मी निखिल सरांना म्हटलं होतं, शोसाठी वेगळा बॉक्स घेऊ."

"हळू बोल," निखिल दातांतल्या दातांत म्हणाला. "मॅडम, प्लांट आपोआप चालू राहतो. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. टी ब्रेक द्या, प्लीज. इथे अर्धा नाशिक जिल्हा बसलाय."

मला अमोनियातलं काही कळत नाही. पण एक साधी गोष्ट दिसत होती. मी टी ब्रेक म्हटलं की हॉल रिकामा होईल, स्क्रीन बंद होईल आणि पिंपळगावला काय चाललंय ते या माणसाशिवाय कुणालाच कळणार नाही. दुसरीकडे, मी काही बोलले आणि तिकडे सगळं सुरळीत निघालं, तर एवढ्या लोकांसमोर मी कंपनीचं वाटोळं केलं असं होईल. मी उभी राहिले.

मी घड्याळाला हात लावला नाही. माइक घेतला.

"पंच म्हणून सूचना. मशिन बंद पडलेलं आहे. स्क्रीनवरचे कोल्ड स्टोअरचे आकडे जुने आहेत, आत्ताचे नाहीत. पिंपळगावला प्लांटवर आत्ता कोण आहे?"

मग बाळासाहेब उठला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. रंगच उडाला होता.

"कुनीच नाय मॅडम. म्या हितं हाय ना."

निखिल दुसऱ्या माइकवर म्हणाला, "मंडळी, घाबरण्याचं कारण नाही, छोटासा नेटवर्क प्रॉब्लेम..." पण बाळासाहेब त्याला न जुमानता स्टेजवर चढला होता.

"अहो, गॅस गरम होतो, त्याला पाण्यानं गार करावं लागतं. पाण्याचे दोन पंप आळीपाळीनं चालत्यात. एक बंद करायचा, दुसरा चालू करायचा, ते आता डब्याकडं दिलंय. मधेच डबा झोपला आसंल तर?"

"तर काय होईल?" भास्करअण्णांनी खालून विचारलं. स्टोअर त्यांचं, पण ते प्लांटमध्ये कधी पाय ठेवत नसावेत.

"पानी थांबलं आन् कॉम्प्रेसर चालू ऱ्हायला तर दाब चढत जातो अण्णा. आधी कटआउट होता, दाब चढला की मशिन आपसूक बंद व्हायची. त्यो बी ह्यांनी काढून डब्यातच घातला. सगळं एका स्क्रीनवर पायजे म्हनून."

अण्णांनी निखिलकडे पाहिलं. निखिलने तन्वीकडे. तन्वीने मान खाली घातली.

मग फोन सुरू झाले. अण्णांनी स्टोअरला लागून असलेल्या पॅकहाउसच्या सुपरवायझरला लावला. रिंग वाजून बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाळासाहेबाने बायकोला लावला. सुनीता तिथेच द्राक्षं पेटीत भरायच्या कामाला होती.

"उचलनार नाय," तो म्हणाला. "आत जाताना मोबाईल जमा करत्यात. परदेशी मालाचा नियम हाय."

परदेशी मालासाठी डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, खिशात काही नाही. सीझनमधली दुपार, म्हणजे पॅकहाउस बायकांनी भरलेलं. भिंतीपलीकडे प्लांट. बाळासाहेबाला मोबाईलवर नंबरही नीट दाबता येईना. केदार सर पट सोडून त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "नाव सांगा, मी लावतो."

"रफिक. शेजारच्या स्टोअरवर हाय. माझ्यासारखाच ऑपरेटर."

रफिकने उचलला. सरांनी स्पीकर चालू करून फोन पटाशेजारी ठेवला. बाळासाहेब ओरडलाच, "रफिकभाई, आमच्या प्लांटवर पळ! कॉम्प्रेसर बंद कर! बाहेरच्या पॅनलचा मेन पाड!"

"अरे, मैं सोच ही रहा था," पलीकडून आवाज आला. "वास येतोय इकडे. थांब, जातोय."

मग फक्त धावण्याचा आवाज. चप्पल, दगड, श्वास. हॉलमधले द्राक्षवाले स्टेजजवळ गोळा झाले होते. यातल्या अनेकांकडे तसेच प्लांट होते आणि काहींनी त्याच बॉक्सची ऑर्डर देण्याचं मनात ठरवलेलं होतं. मोबाईलमधून एकदम शिट्टीसारखा मोठा आवाज यायला लागला. सतत, कर्कश.

"व्हॉल्व्ह उडला," बाळासाहेब म्हणाला आणि खालीच बसला.

दाब हाताबाहेर गेला की फुटण्याऐवजी वायू बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडला म्हणजे प्लांट फुटणार नाही. पण सुटलेला अमोनिया डोळ्यांत, घशात जातो, आणि जास्त गेला तर माणूस जगत नाही. हे मला बाळासाहेबाने नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त ती शिट्टी ऐकू येत होती आणि रफिकचा खोकला.

"मेन पाडला," खोकल्यातून तो म्हणाला. "वारा पॅकहाउसच्या बाजूला आहे. बाया दिसत नाहीत बाहेर. दार... मी दाराकडे..."

"सुनीता हाय का बघ! रफिकभाई!"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

बाळासाहेब आणि अण्णा धावत गाडीकडे गेले. अण्णांनी जाताजाता अग्निशमनला आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. नाशिकहून पिंपळगाव म्हणजे हायवेने बराच पल्ला. त्या सगळ्या वेळात बाळासाहेबाने गाडीत काय केलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आम्ही तिथेच राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मी पटाकडे पाहिलं. मशिनच्या घड्याळावर शून्य दिसत होतं. कधी झालं ते कुणी बघितलंच नव्हतं. नियमाप्रमाणे वेळ संपला म्हणजे डाव हरला. मी स्कोअरशीट ओढून घेतली आणि पुन्हा बाजूला ठेवली. तन्वी अजून त्याच खुर्चीत बसून रडत होती. मागच्या स्क्रीनवर ते हिरवे आकडे अजूनही झळकत होते. शेवटी कुणा द्राक्षवाल्यानेच उठून त्याची वायर उपटली.

फोन आला तेव्हा हॉलमधला प्रत्येक माणूस उभा होता. अण्णांचा फोन. आवाज घोगरा.

"सगळ्या बाहेर आहेत. हायवेच्या कडेला बसवल्यात. जीव कुणाचा गेला नाही."

कुणीतरी मोठ्याने देवाचं नाव घेतलं.

मागून कळलं ते असं. वास आल्यावर बायका दाराकडे पळाल्या. थंडावा टिकावा म्हणून ते जड सरकतं दार आपोआप बंद व्हायचं. सुनीता बाहेर पडली होती, पण दार लागतंय बघून परत वळली आणि शेवटची बाई निघेपर्यंत पाठीने ते अडवून उभी राहिली. रफिक पोचला तेव्हा ती डोळे मिटून, ओढणी तोंडावर दाबून तशीच उभी होती. त्याने तिला ओढून बाहेर काढलं आणि टाकीखाली नेऊन डोळ्यांवर पाणी ओतत राहिला. तिला काही आठवडे नीट दिसत नव्हतं. आता दिसतं. रफिकचा खोकला मात्र बरेच दिवस राहिला.

संध्याकाळी निखिल माझ्याकडे आला. त्याने शर्ट बाहेर काढला होता, एकदम वयाने मोठा वाटत होता. मला वाटलं, काहीतरी मनातलं बोलेल.

"मॅडम, निकाल 'सामना रद्द' असा लिहाल का? 'मशिन वेळ संपून हरलं' असं नको. ते नेटवर राहतं."

"वेळ संपला. काळ्याने डाव गमावला. मी तेच लिहिलंय."

"बुद्धिबळ असोसिएशनच्या पुढच्या स्पर्धेला आम्ही स्पॉन्सर आहोत, हे तुमच्या लक्षात आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

स्पर्धेला दुसरा स्पॉन्सर शोधावा लागला. असोसिएशनचे अध्यक्ष माझ्याशी काही महिने तुटक बोलत होते. चौकशीसाठी सरकारी अधिकारी आले, तेव्हा हॉलमध्ये बसलेल्या द्राक्षवाल्यांपैकी बरेच जण साक्ष द्यायला स्वतःहून गेले. अण्णांनी बॉक्स काढून टाकला आणि कटआउट पुन्हा वायरीने थेट जोडून घेतला. बाळासाहेब प्लांटवर परत आला. सत्काराची शाल राहूनच गेली. तन्वीने ती नोकरी सोडली आणि जाण्याआधी चौकशीत सगळं खरं सांगितलं.

कंपनी बंद वगैरे पडली नाही. काही महिन्यांनी तिचं नवं माहितीपत्रक माझ्या हातात आलं. दुसऱ्या जिल्ह्यात विकायला निघाले होते. त्यात केदार सरांचा आणि बॉक्सचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'ग्रँडमास्टरशी झुंजलेला मेंदू'. झुंजलेला, एवढंच. निकाल नव्हता. मी तो फोटो सरांना पाठवला. त्यांनी वकील गाठला आणि फोटो काढायला लावला. त्यांच्या क्लासमधली पोरं हसली का, हे मी विचारलं नाही.

माणसाविरुद्ध मशिन असा सामना भरवायला अजूनही लोक येतात. कुणाचं शिकवणीचं ॲप असतं, कुणाचं तपासणीचं मशिन. मी एकच प्रश्न विचारते, "हा डाव बघून लोक तुमच्याकडून काय विकत घेणार आहेत, आणि ते बंद पडलं तर तिथे सांभाळायला कोण असणार आहे?"

बहुतेक जण कळवतो म्हणतात. अजून कुणी कळवलेलं नाही.